बाळ पाहावयास जातांना
(सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत आईबापांच्या सभेंत वाचलेलें भाषण)



महोत्सवाच्या चालकांनीं आम्हां उभयतांस या सभेंत बोलण्याची आज्ञा केली आणि विषय निवडण्याची मोकळीकही दिली. आम्ही कोणी विद्वान नाहीं. आमच्यापैकीं एकीचा जन्म प्राथमिक शाळेंत मुलांना अक्षरें गिरवावयास लावण्यांत गेला. दुसऱ्याचा वसईहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडींत उभें राहण्यांत गेला. हें भाषण आम्हीं दोघांनीं मिळून लिहिलें आहे. वाचून दाखविणारा एक आहे, इतकेंच.

या सप्ताहांत देवळाच्या भिंती कोणीं उभारल्या, घंटा कोणीं दिली, शाळेसाठीं जागा कोणाची घेतली, हें सर्व आपण ऐकिलें. तें ऐकावयास हवेंच होतें. आम्हांस मात्र अशा एका खोलीविषयीं बोलावयाचें आहे कीं, जिच्यांत सारा गांव डोकावून जातो आणि जिच्यांत काय चाललें आहे तें बहुधा कोणासच दिसत नाहीं. ती खोली म्हणजे बाळंतिणीची.

१९९१ सालच्या पावसाळ्यांत आमच्या घरीं पहिलें मूल झालें. आमच्यांतील आईला माहेर उरलें नव्हतें. तिची आई लग्नाआधींच वारली होती. म्हणून बाळंतपण सासरींच झालें. सासूबाई प्रेमळ होत्या, परंतु केळींची वाडी, दोन गुरें आणि आजारी दीर यांतून त्यांना श्वास घ्यावयास फुरसत नसे. आमच्यांतील बाप पहांटे पांचला घर सोडी आणि रात्रीं आठाला परते. स्नानसंस्कार झाला, गांव जेवून गेलें, लाडूंचे डबे रिकामे झाले. पुढें तीन आठवडे रोज कोणी ना कोणी बाळ पाहावयास येई. मूल नाकानें कोणावर गेलें आहे याची चर्चा होई, दूध पुरतें कीं नाहीं याची चौकशी होई, चहा होई. चहा कोण करी? बाळंतीणच करी.

बाळ निजलें तरी आईला झोप येईना. अंगावर घेतलेल्या लेकराकडे पाहून आपणांस कांहींच वाटत नाहीं, जणूं कोणा परक्याचें मूल सांभाळावयास घेतलें आहे, असें तिला होऊं लागलें. हें बोलावें कोणाजवळ? लोक काय म्हणतील? देवानें धडधाकट पुत्र दिला आणि ही रडते, असेंच ना? ती पहांटे, नवरा गाडीला गेल्यावर, मागल्या दारानें बाहेर पडे आणि बावखलाच्या कांठीं जाऊन बसे. तेथें बसून तिच्या मनांत काय येत असे तें आज या सभेंत उघड सांगण्याची गरज नाहीं. ज्यांना समजावयाचें त्यांना समजलें असेल.

शेजारच्या मावशींनीं तें पाहिलें. त्या वेळीं त्या पासष्टीच्या असतील. लिहितां वाचतां न येणारी बाई. फुलांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन दादरच्या बाजारांत आयुष्य काढलेली. त्या येऊन जवळ बसल्या. "बाळ कसें आहे?" असें त्यांनीं विचारलें नाहीं. त्यांनीं विचारलें, "तूं रात्रीं जेवलीस का गो?" आणि आमच्यांतील आईला तीन आठवड्यांत पहिल्यानेंच हुंदका फुटला. त्या दिवसापासून मावशी रोज सकाळीं येत, बाळाला तेल लावून न्हाऊं घालीत, आपल्या मांडीवर घेऊन बसत आणि आईला सांगत, "आतां तूं दार लावून नीज. मी हांक मारीपर्यंत उठूं नको."

मावशींनीं आणखी एक केलें. रविवारीं मिस्सा सुटल्यावर त्यांनीं आमच्यांतील बापाला देवळाच्या पायऱ्यांवर गांठून सांगितलें कीं, हिला डॉक्टराकडे ने. त्या बापाला राग आला. आमच्या घरांत कोणी वेडें नाहीं, असें तो बोलून गेला. त्यानें आठ दिवस दवडले. हें वाक्य लिहितांना आम्हां दोघांत थोडी बोलाचाली झाली. आई म्हणाली, एवढें कशाला सांगावें. परंतु ते आठ दिवस दवडले हें खरें आहे, आणि ते आमचे आहेत. पुढें डॉक्टरांनीं औषध दिलें, कांहीं महिन्यांत ती बरी झाली. तें मूल आज स्वतः बाप आहे.

आतां हें आमच्या घरचें दुःख आम्ही चव्हाट्यावर कां आणिलें? कारण हें आमच्याच घरचें नव्हतें, हें आम्हांस फार उशिरां कळलें. गोव्यांत म्हापसा येथें गरोदर स्त्रियांची पाहणी करण्यांत आली, तिचा वृत्तान्त २००२ सालीं प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं पाहिलें, तों दर शंभर आयांमागें तेवीस जणींना प्रसूतीनंतरचें नैराश्य जडलेलें आढळलें. आणि त्यांतील अर्ध्याहून अधिक सहा महिन्यांनींही त्यांतून बाहेर पडल्या नव्हत्या. घरांतील ओढग्रस्ती, नवऱ्याशीं बेबनाव, नवऱ्याचा मार, हीं कारणें ठळक दिसलीं. आणि अशा घरांत मुलगी जन्मली तर त्यांत भर पडलेली दिसली. गोवा कांहीं दूर नाहीं. तेथील घरें आपल्यासारखींच, तेथील स्त्रियाही पुष्कळशा आपल्याच धर्माच्या. मुलगी झाली म्हणून आपल्यांत कोणी तोंड वांकडें करीत नाहीं, अशी आपली समजूत आहे. दुसरीही मुलगीच झाली त्या दिवशीं वाटलेल्या पेढ्यांची संख्या मोजली तर ती समजूत कितपत टिकेल, हें आम्ही सांगत नाहीं.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पांचव्या दिवसाच्या सुमारास बहुतेक आयांना अकारण रडूं येतें, चिडचीड होते; तें दोन आठवड्यांच्या आंत आपोआप निवळतें. त्यास विश्रांति आणि माया एवढेंच औषध पुरें. परंतु दोन आठवडे उलटले तरी मन वर येत नाहीं, बाळ झोपलें असतांही झोप लागत नाहीं, अन्नावर वासना नाहीं, मुलाविषयीं कांहीं वाटत नाहीं किंवा अवास्तव धास्ती वाटते, आपण नसतों तर बरें असें वाटतें, तेथें तो आजार समजावा आणि डॉक्टराकडे जावें. तिसरा प्रकार विरळा आहे, हजारांत एक दोन. तो बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच अचानक उद्भवतो. बाई असंबद्ध बोलूं लागते, नसलेले आवाज ऐकते, बाळाविषयीं भलतेंच कांहीं तिच्या मनांत ठसतें. अशा वेळीं तिला किंवा बाळाला क्षणभरही एकटें सोडूं नये आणि त्याच दिवशीं रुग्णालयांत न्यावें. नजर उतरविण्यांत किंवा कोणा मांत्रिकाच्या दारीं बसण्यांत एक रात्रही घालवूं नये. प्रार्थना अवश्य करावी. रुग्णालयाच्या वाटेवर करावी.

औषध घेतलें कीं अंगावरचें दूध तोडावें लागतें, ही भीति सर्वत्र आहे. पुष्कळ औषधें दूध पाजीत असतांही घेतां येतात. कोणतें द्यावयाचें तें डॉक्टर ठरवितात. त्यांना न विचारतां तें मध्येंच सोडूं मात्र नये. ज्यांना डॉक्टराकडे जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठीं सरकारनें २०२२ सालापासून १४४१६ हा दूरध्वनीचा क्रमांक ठेविला आहे. तेथें रात्रंदिवस, पैसे न घेतां, बोलतां येतें. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेंही अशी तरतूद केली आहे कीं, मानसिक उपचारासाठीं दाखल झालेल्या आईपासून तिचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडूं नये. बाळ हिरावून घेतील या भयानें गप्प राहणाऱ्या आयांना हें कोणींतरी सांगावयास हवें.

आपल्या वडील माणसांनीं बाळंतिणीसाठीं सव्वा महिन्याची योजना केली होती, ती मूर्खपणाची नव्हती. काम नाहीं, डोक्याला बांधलेलें, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेपूची भाजी, कोंबडीचा रस्सा, तेल लावणारी बाई. या साऱ्याचा गाभा एकच होता कीं, जिनें बाळाला सांभाळावयाचें तिला दुसऱ्या कोणींतरी सांभाळावें. आज घरें लहान झालीं, माणसें पांगलीं. गाभा गेला आणि बंधनें तेवढीं उरलीं. बंद खोलींत शेगडी ठेवण्याचा हट्ट उरला आहे. त्या धुरानें तान्ह्याचा श्वास कोंडतो आणि निखाऱ्यांचा वायु तर जीवच घेऊं शकतो. दूध पाजणाऱ्या आईनें पाणी कमी प्यावें, हाही हट्ट उरला आहे. वास्तविक तिला पाणी अधिक हवें. सहा महिनेपर्यंत बाळाला आईच्या दुधावांचून कांहीं लागत नाहीं, तरी मध आणि घुटी यांवरून सासवासुनांचे खटके उडतात. आजीबाईंनीं शेगडी विझवावी आणि तेवढा वेळ सुनेच्या उशाशीं बसावें, अशी त्यांना आमची हात जोडून विनंती आहे.

चाळीस दिवसांची ही गणना आपल्या धर्मशास्त्रासही परकी नाहीं. लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत मुलाच्या जन्मानंतरचे चाळीस दिवस नेमलेले आहेत, आणि त्याच नियमाप्रमाणें पवित्र मरिया मातेनें मंदिरांत जाऊन पक्ष्यांचें अर्पण केलें. नाताळापासून चाळीसाव्या दिवशीं, २ फेब्रुवारीस, आपण मेणबत्त्यांचा सण पाळतों तो याचाच. या सभेंत ज्या वयोवृद्ध माता बसल्या आहेत त्यांना जुना आशीर्वादविधि आठवत असेल. बाळंतीण पेटती मेणबत्ती हातीं घेऊन देवळाच्या दारीं गुडघे टेकी. फादर दाराशीं येत, तीर्थ शिंपडीत, आणि आपल्या गळ्यांतील पट्ट्याचें टोंक तिच्या हातीं देऊन तिला वेदीपाशीं नेत. कित्येकांनीं तो विटाळ फेडण्याचा विधि मानला. त्याचीं वचनें मात्र उपकारस्तुतीचीं होतीं. बाळाचा स्नानसंस्कार तर जन्मानंतर लगेच उरके. आई अंथरुणावर आणि बाळ धर्ममातेच्या हातांवर, असा प्रकार असे. १९६९ च्या नव्या विधीनें हें पालटलें. आतां स्नानसंस्काराच्या शेवटीं आईला आशीर्वाद मिळतो आणि त्याच्या पाठोपाठ बापालाही मिळतो. बापाला हा आशीर्वाद कशासाठीं, असा प्रश्न आमच्या एका मित्रानें थट्टेनें केला होता. त्याचें उत्तर पुढें येईल.

आपल्या मंदिरांत बाळ येशूच्या संत तेरेजेची मूर्ति आहे. गुलाबांची जुडी हातीं घेतलेली. तिची आई झेली मार्टिन फ्रान्सांत आलांसों येथें जाळीचें विणकाम करी. तिला नऊ मुलें झालीं आणि त्यांतील चार लहानपणींच गेलीं. १८७० सालीं एक तान्ही मुलगी दाईच्या हयगयीनें दगावली. १८७३ च्या जानेवारींत तेरेजा जन्मली. आईच्या अंगावर दूध नव्हतें आणि मार्चांत मूल मरणाच्या दारीं टेकलें. नवरा घरीं नव्हता. पहांटे झेली एकटी पायीं सेमाले या खेड्यास निघाली आणि रोज तायये नांवाच्या शेतकरणीला आपल्याबरोबर येण्याची तिनें विनवणी केली. रोजला स्वतःचें तान्हें होतें, पदरीं आणखी मुलें होतीं. ती आली. बाळाला पाहून तिलाही आशा वाटेना. तरी तिनें त्यास जवळ घेऊन पाजलें, आणि बाळ वांचलें. पुढें वर्षभर तेरेजा त्या शेतकरणीच्या घरीं वाढली. झेली आणि तिचा पति लुई या दोघांस २०१५ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं संतपद दिलें. झेलीचीं दोनशेंहून अधिक पत्रें उपलब्ध आहेत. त्यांत मुलांच्या आजारांची काळजी आहे, थकवा आहे. संतपद मिळालेली आईसुद्धां थकली होती, तर आमच्या गांवच्या सुनेनें थकूं नये असें कोणीं ठरविलें? आणि रोज तायये त्या दिवशीं नुसतें बाळ पाहावयास आली असती तर आज ती मूर्ति कोणाची असती?

आतां बापाविषयीं. तान्हें मूल दिवसरात्रींत आठ ते बारा वेळां पितें. म्हणजे दोन अडीच तासांपलीकडे आईची झोप सलग होत नाहीं, आणि हें एक दोन रात्रीं नव्हे, महिनोगणती. माणसाला नुसतें जागें ठेवूनही त्याचें मन मोडतां येतें, हें कोणासही पटेल. यास उपाय एकच आहे: रात्रीचा एक भाग दुसऱ्यानें घ्यावा. पाजणें आईचें, परंतु पाजण्यापूर्वींचें आणि नंतरचें सर्व, लंगोट बदलणें, ढेकर काढणें, खांद्यावर टाकून फेऱ्या घालणें, हें बापाला येण्यासारखें आहे. आमच्यांतील बाप तें दुसऱ्या मुलाच्या वेळीं शिकला. पहिल्या वेळीं त्याला कोणीं सांगितलें नाहीं, आणि त्यानें विचारलेंही नाहीं.

परंतु बापालाही कोणी विचारीत नाहीं, हेंही तितकेंच खरें आहे. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून २०१० सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, मुलाच्या जन्माच्या आगेमागें दहांतील सुमारें एका बापाला नैराश्य येतें. तो रडत नाहीं. तो घरीं उशिरां येऊं लागतो, पेला जवळ करतो, क्षुल्लक कारणावरून ओरडतो. आईसाठीं कायद्यानें पहिल्या दोन मुलांच्या वेळीं सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे, तीही ज्यांना हा कायदा लागू आहे अशा नोकरदार स्त्रियांपुरती. वाडींत राबणाऱ्या बाईला ती कोण देणार? केंद्र सरकारच्या नोकरींतील बापाला पंधरा दिवस मिळतात. खाजगी नोकरींतल्याला मालकाच्या मर्जीवर अवलंबावें लागतें. अशा बापाला गाडींतून उतरल्यावर स्टेशनाबाहेर कोणा मित्रानें दहा मिनिटें थांबवून, "तूं कसा आहेस?" असें विचारलें तर तें मोठें काम होईल. आमच्या थट्टेखोर मित्राच्या प्रश्नाचें उत्तर हें.

मग बाळ पाहावयास जाऊं नये काय? अवश्य जावें. पण अंगड्याटोपड्यांऐवजीं जेवणाचा डबा न्यावा, आणि डबा परत मागूं नये. अर्ध्या तासापेक्षां अधिक बसूं नये. बसावयाचें असेल तर भांडीं घासावीं. आई झोपली असेल तर दार न वाजवितां परत फिरावें. "आम्हीं सहा वाढविलीं, कधीं डॉक्टराचें तोंड पाहिलें नाहीं," हें वाक्य घरीं ठेवून यावें. त्या सहांपैकीं कितीजण आजीनें वाढविले तें आपणच आठवावें. आणि आधीं आईकडे पाहावें. बाळ कोठें पळून जात नाहीं.

हें काम शिकलेल्या डॉक्टरांचें, आपलें नव्हे, असें कोणी म्हणेल. त्याच गोव्यांत पुढें एक प्रयोग झाला. खिन्न झालेल्या २८० गरोदर स्त्रिया निवडल्या. त्यांतील निम्म्यांकडे त्यांच्याच वस्तींतील, स्वतः आई असलेल्या साध्या बायका जाऊं लागल्या. त्यांना थोडें शिक्षण दिलेलें होतें आणि त्यांस 'सखी' म्हणत. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनीं पाहिलें तेव्हां सखी ज्यांच्याकडे गेल्या त्यांतील अधिक स्त्रिया बऱ्या झालेल्या आढळल्या. फरक डोळे दिपविणारा नव्हता, पण होता. तो वृत्तान्त २०१९ चा आहे. आमच्या मावशी त्याच्या अठ्ठावीस वर्षें आधींच सखी होत्या. त्यांना शिक्षण कोणीं दिलें नव्हतें, म्हणून आम्हांला त्यांचें अधिकच नवल वाटतें. सरकारची आशाताईही प्रसूतीनंतरच्या बेचाळीस दिवसांत सहा वेळां घरीं येते. ती आली म्हणजे तिला केवळ बाळाचें वजन विचारूं नये. आईची अवस्थाही तिला मोकळेपणीं सांगावी.

म्हणून महोत्सवाच्या निमित्तानें आमची एक सूचना आहे, आणि फादरांनीं ती मान्य केली आहे. स्नानसंस्काराचें नांव नोंदविण्यास लोक कचेरींत येतातच. त्या दिवसापासून सहा महिनेपर्यंत त्या घराची चौकशी त्या आळींतील एका बाईनें आणि एका पुरुषानें करावयाची. आठवड्यांतून एकदां जावयाचें. काय पाहिलें तें बाहेर बोलावयाचें नाहीं. बोलल्याचें कळलें तर नांव कमी होईल. दुखणें दिसलें तर डॉक्टराकडे बरोबर जावयाचें, गाडीभाडें संत विन्सेंट डी पॉल मंडळ देईल. ज्या घरीं मूल मेलेलें जन्मलें किंवा जन्मून गेलें, तेथेंही जावयाचें; तेथें नोंदवहींत नांव येत नाहीं, म्हणून आपणच लक्ष ठेवावयाचें.

आजपर्यंत अकरा बायकांनीं नांवें दिलीं आहेत. पुरुषांचीं दोनच आलीं आहेत, आणि त्यांतील एक आमच्यांतील बापाचें आहे. वही येत्या रविवारीं दोन्ही मिस्सांनंतर देवळाच्या बाजूच्या दाराशीं ठेवलेली असेल.